भिन्नभाषिक विवाह आणि घरातला संवाद : सोलापुरातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या घरात नवऱ्याची आणि बायकोची माहेरची भाषा एक नाही, आणि भाषेबरोबर चालीरीती, खाणेपिणे, कधी धर्मही वेगळा आहे, अशा घरांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. माझे माहेर बार्शीचे आणि मराठी, सासर सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली विणकरांचे, घरात बोलणे तेलुगूत, आणि धाकटी जाऊ अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या लिंगायत घरातली. या घरात 22 वर्षे काढल्यामुळे नात्यातल्या आणि ओळखीच्या मुलीमुलांचे असे लग्न ठरले की ती माझ्याकडे येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

सोलापुरात सगळ्यांनाच मराठी येते. मग भाषेची अडचण उरते कुठे?

अडचण उंबऱ्याच्या आत असते. बाहेर हे शहर चार भाषांत सुखाने नांदते. एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून आलेल्या विणकरांनी येथे माग मांडले, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची कन्नड गावे शहराला लागूनच आहेत, दखनी बोलणारी मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, आणि या सर्वांमध्ये व्यवहाराची भाषा म्हणून मराठी चालते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत आणि त्यांच्या यात्रेतला 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' हा घोष मराठीत. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांची नावे एका ओळीत वाचली, तरी हे शहर कोणाकोणाचे आहे ते कळते.

परंतु चाटी गल्लीत साडीचा भाव करायला लागणारी मराठी वेगळी, आणि तापाने फणफणलेल्या लेकराला जवळ घेताना तोंडून निघणारी भाषा वेगळी. दटावणे, लाड करणे, कुजबुजणे, रडणे, देवापाशी पुटपुटणे या गोष्टी माणूस माहेरच्या भाषेत करतो. माझ्या सासूबाईंना विडीच्या कारखान्यात मुकादमाशी वाद घालण्याइतकी मराठी उत्तम येत होती, तरी सुनेची विचारपूस मराठीत कशी करायची हे त्यांना सुचत नसे. मग त्या विचारपूस करतच नसत. मला मात्र वाटे, यांना माझ्याशी बोलायचेच नाही.

सासरची माणसे माझ्यासमोर त्यांच्या भाषेत बोलू लागतात. ती माझ्याविषयीच बोलत असतात का?

बहुतेक वेळा नाही. आपल्या माणसांत बसल्यावर जीभ आपोआप आपल्या भाषेकडे वळते, आणि तसे वळणे हा काही कोणाचा अपराध नाही. तरीही हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण ज्याला कळत नाही त्याच्या मनात त्या पाच मिनिटांत काय काय येते हे ज्याला कळते त्याला समजणे कठीण असते. मध्येच कोणी तरी हसते, आपले नाव उच्चारले जाते, कोणी आपल्याकडे पाहते, आणि पुन्हा बोलणे पुढे सरकते. ताटावर बसलेल्या नव्या सुनेला तेवढे पुरते.

येथे जबाबदारी त्या घरच्या मुलाची किंवा मुलीची, म्हणजे तुमच्या जोडीदाराची आहे. त्याने संपूर्ण संभाषणाचे भाषांतर करत बसण्याची गरज नाही; 'काकांच्या मागाची मोटर जळली, त्याचं चाललंय' एवढे एक वाक्य कानात सांगितले तरी माणूस बैठकीत धरला जातो. आमच्या घरी हे एक वाक्य सुरू व्हायला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत मी जे जे ऐकले असे मला वाटले होते त्यातले निम्मेअधिक सुताच्या भावाबद्दल होते, हे नंतर कळले.

उलट बाजूही आहे. माहेरून फोन आला की आपण भराभर मराठीत, तेही बार्शीकडच्या मराठीत बोलू लागतो आणि सासूबाई समोर बसलेल्या असतात. त्यांना मराठी कळते हे खरे, पण आपण आवाज खाली आणून दुसऱ्या खोलीत गेलो तर त्यांनाही तोच संशय येतो. त्यापेक्षा फोन ठेवल्यावर 'आईचा गुडघा दुखतोय' एवढे सांगून टाकावे.

एखादा शब्द चुकल्याने खरोखर गैरसमज होतात, की ही केवळ विनोदाची गोष्ट आहे?

दोन्ही. 'आम्ही' आणि 'आपण' यांचे उदाहरण घ्या. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण' म्हणतात आणि त्याला वगळून 'आम्ही'. तेलुगूतही हा भेद तसाच काटेकोर आहे: ऐकणाऱ्यासह 'मनमु', त्याच्याशिवाय 'मेमु'. कन्नडात मात्र दोहोंसाठी 'नावु' हा एकच शब्द वापरतात, आणि हिंदी-दखनीतले 'हम' तसेच. त्यामुळे कन्नड किंवा दखनी घरातून आलेली व्यक्ती मराठी अस्खलित बोलत असली तरी याच एका ठिकाणी अडखळते, आणि ती अडखळली आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वाक्य व्याकरणाने शुद्धच असते.

माझी जाऊ लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूबाईंना म्हणाली, 'आम्ही पाडव्याला अक्कलकोटला जाऊ.' तिच्या मनात सगळे घर होते, सासूबाईंसह. तिने माहेरी तसे कळवूनही ठेवले होते. मनमु-मेमु करत आयुष्य गेलेल्या सासूबाईंच्या कानाने त्या वाक्यातून स्वतःला बाहेर काढले. 'आत्ताच वेगळं व्हायची भाषा' असे त्या दिराला तेलुगूत म्हणाल्या. पाडव्याला कोणीच कुठे गेले नाही. दोन महिन्यांनी सहज बोलता बोलता उलगडा झाला, तेव्हा सगळे हसले, पण ती दिवाळी गेली ती गेलीच.

याच शब्दांची दुसरी बाजू अधिक बोचते. सून घरात येऊन दहा वर्षे झाली तरी तिला उद्देशून 'आमच्यात असं करत नाहीत' असे म्हणणारी घरे आहेत, आणि तेथे शब्दाची चूक झालेली नसते. 'आमच्यात' ऐवजी 'आपल्यात' म्हणण्याचा आग्रह जोडीदाराने सुरुवातीपासून धरावा. नव्या माणसाला ते घर आपले वाटू लागण्याआधी घराने त्याला तसे म्हणावे लागते.

सासू-सासऱ्यांना आणि नात्यातल्या इतरांना काय म्हणावे?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण येथे शब्दांबरोबर नात्यांचा नकाशाही बदलतो.

तेलुगूत वडिलांची बहीण, मामाची बायको आणि सासू या तिघींना 'अत्त' म्हणतात. आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा हे तिघेही 'मामा'. कन्नडात 'अत्ते' आणि 'माव' यांची तऱ्हा तीच. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची जुनी चाल या शब्दांत मुरलेली आहे. मराठी माणसाला हे परके वाटते, पण आपल्याच आज्या-पणज्या सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत असत. मी सासूबाईंना 'अत्तम्मा' म्हणू लागले तेव्हा माझ्या आजीला त्यात काहीच नवे वाटले नाही. आईला मात्र वाटले. तिच्या पिढीने 'आई' हा शब्द दोन्हीकडे वापरायला सुरुवात केली होती.

गोंधळाची दोन स्थळे आधीच सांगून ठेवते. तेलुगूतल्या 'वदिना' या शब्दाचा अर्थ मोठ्या भावाची बायको असाही होतो आणि नवऱ्याची मोठी बहीण असाही. मराठी कानाला तो 'वहिनी'सारखा ऐकू येतो, आणि आपण थोरल्या नणंदेला वहिनी का म्हणायचे असे वाटून सून तो शब्द टाळते. दुसरे स्थळ अधिक नाजूक आहे. मामेभाऊ आणि आतेभाऊ तेलुगूत 'बावा' असतात, आणि बावा आणि मरदलू, म्हणजे मामेबहीण किंवा आतेबहीण, यांनी एकमेकांची थट्टा करावी, लग्नावरून चिडवावे, हे रीतीला धरून असते. ज्या मराठी घरात मामेभावाला राखी बांधतात तेथून आलेल्या मुलीला ही थट्टा अश्लाघ्य वाटू शकते. लग्नाआधीच नवऱ्याने हे समजावून सांगितले तर निम्मे काम होते. आणि समजल्यावरही जे सहन होत नाही ते सांगण्याचा तिला अधिकार आहे, रीत काहीही असो.

नाव काय घ्यायचे हे ठरत नसेल तर सरळ विचारावे. 'मी तुम्हाला काय म्हणू?' या प्रश्नाने आजवर कोणी रागावलेले मी पाहिलेले नाही. हाक न मारता, समोर जाऊन उभे राहून, खाकरून काम भागवणाऱ्या सुना आणि जावई मी बरेच पाहिले आहेत.

नवऱ्याला नावाने हाक मारली तर चालते का?

आता बहुतेक ठिकाणी चालते. निदान खोलीत तरी. जुन्या वळणाच्या घरात मराठी बायको 'अहो' म्हणते, तेलुगू 'एवंडी' आणि कन्नड 'एन्री', म्हणजे नाव न घेण्याची युक्ती तिन्ही भाषांना सारखीच सुचली आहे. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात हा 'री' आदराचा असतो. मराठी 'रे'शी त्याचा संबंध लावून कोणी दुखावून घेऊ नये. सोलापुरी 'बे' मात्र मित्रांपुरता ठेवावा. 'काय करायलास बे' हे वाक्य हैदराबादकडून आलेल्या मेहुण्याला प्रेमाचे आहे हे पटवायला वेळ लागतो.

जोडीदाराची भाषा किती शिकावी, आणि सुरुवात कोठून करावी?

लिपी नंतर, व्याकरण त्याहून नंतर. आधी जेवणाचे, नकाराचे आणि दुखण्याखुपण्याचे शब्द शिकावेत, कारण दिवसभरात तेच लागतात. पाणी तेलुगूत 'नीळ्ळु' आणि कन्नडात 'नीरु'. मीठ दोन्हींत 'उप्पु'. जेवलात का हे कन्नडात 'ऊट आयता' आणि तेलुगूत 'तिन्नारा'. हा शेवटचा प्रश्न विचारता येऊ लागला की पुढच्या पन्नास चुका माफ होतात.

नकाराकडे विशेष लक्ष द्यावे. मराठीत 'नाही' आणि 'नको' वेगळे आहेत. तेलुगूत तीन आहेत: वस्तू नसली तर 'लेदु', ती तशी नसली तर 'कादु', आणि नको असली तर 'वद्दु'. नवी सून 'लेदु' म्हणण्याऐवजी 'वद्दु' म्हणाली तर घरात साखर संपली आहे हे कळण्याऐवजी तिला चहाच नको आहे असे समजले जाते. जाता जाता एक गंमत: हैदराबादी दखनीतला 'नक्को' हा आपल्या मराठी 'नको'चाच भाऊ, म्हणजे नकाराची देवाणघेवाण आपण फार पूर्वीच करून ठेवली आहे.

सारखे ऐकू येणारे पण अर्थाने वेगळे शब्द हा तिसरा धडा. तेलुगूत 'पालु' म्हणजे दूध, कन्नडात 'हालु' म्हणजे दूध. मराठीत त्यांच्या जवळचे शब्द पाल आणि हाल. कन्नडात 'मग' म्हणजे मुलगा. तेलुगू 'अत्ता' आणि मराठी 'आत्ता' यांनी आमच्याकडे कितीदा तरी सासूबाईंना स्वयंपाकघरातून उगीच बाहेर आणले आहे. आणि या सर्वांत मला महाग पडलेला शब्द म्हणजे 'चालु'. तेलुगूत त्याचा अर्थ पुरे, बास. लग्नानंतरच्या पहिल्या पंक्तीत मी वाढत होते, चुलत सासरे हात आडवा करून 'चालु, चालु' म्हणत होते, आणि मी ते वाढणे चालू ठेव असे समजून भात वाढतच राहिले. त्यांनी सून रागावेल म्हणून सगळा भात संपवला. रात्री त्यांना सोडा द्यावा लागला.

दोघांपैकी एकानेच शिकायचे, आणि ती एक म्हणजे नेहमी सून, ही रीत मला मान्य नाही. सुनेने सासरची भाषा शिकावी असे म्हणणाऱ्या घरातल्या जावयाला बायकोच्या माहेरी चार वाक्ये नीट बोलता येतात का, हेही पाहावे. मराठी सगळ्यांना येतेच, या सबबीखाली मराठी बोलणारे लोक या बाबतीत सर्वांत आळशी असतात, हे मी माझ्या माहेरच्या माणसांना धरून म्हणते.

प्रत्येक वेळी नवराच मध्ये दुभाषा म्हणून उभा राहतो. हे योग्य आहे का?

पहिले वर्षभर ठीक आहे. त्यानंतर दुभाषाचे काम हळूहळू वकिलाचे होऊ लागते. आई जे म्हणाली त्यातली धार काढून तो बायकोला सांगतो, बायको जे म्हणाली ते साखर घालून आईला सांगतो, आणि काही काळाने दोघींचीही ओळख त्याने तयार केलेल्या माणसांशी होते. एके दिवशी तो कामावर गेलेला असताना दोघी समोरासमोर येतात आणि मग जे होते त्याला भाषा कारण नसते.

दुभाषाने नियम पाळावेत: जे बोलले गेले तेच सांगावे, सांगायचे नसेल तर 'हे मी सांगणार नाही' असे म्हणावे, आणि दोघींना मोडक्यातोडक्या भाषेत का होईना रोज काही वेळ एकट्या सोडावे. शेंगा सोलताना किंवा भाजी निवडताना शब्द कमी लागतात, म्हणून सुरुवात तेथून बरी.

स्वयंपाकघरातले मतभेद कसे सोडवावेत?

भाकरी की भात, हा वाद सहज मिटतो, दोन्ही करतात. आमच्या ओट्यावर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पप्पु आणि चिंचेचा चारु एकाच वेळी असतात आणि कोणाचे अडत नाही. खरा प्रश्न सामिष-निरामिषाचा आहे. लिंगायत घरातून आलेली मुलगी मांसाहार शिजतो त्या भांड्याला हात लावू शकत नसेल तर ते नखरे नाहीत, आणि रविवारी मटण करणाऱ्या घराने ते कायमचे बंद करावे ही अपेक्षाही रास्त नाही. आमच्याकडे वेगळी कढई, वेगळा तवा आणि अंगणातली चूल असा तोडगा निघाला. तो निघाला कारण जाऊबाईंनी लग्नाआधीच विषय काढला होता. नंतर काढलेला हाच विषय भांड्यांपुरता राहत नाही; त्यात तुमचे लोक आणि आमचे लोक येतात.

सण कोणाच्या पद्धतीने करावेत?

दोन्ही पद्धतींनी, जमेल तेवढे. सोलापूरच्या दिनदर्शिकेत जागा भरपूर आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि नंदीध्वज, वेळ अमावास्येला शेतात भज्जी आणि आंबील, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, नवरात्रात बतुकम्मा. बतुकम्मा पहिल्यांदा पाहिली तेव्हा फुलांच्या रचलेल्या उतरंडीभोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बायका मला ओळखीच्याच वाटल्या. आमच्याकडे पाटावरच्या हत्तीभोवती भोंडला धरतात तोच फेर, फक्त गाणी निराळी. मी माहेरची दोन गाणी तेथे म्हटली. पुढच्या वर्षी ती मला म्हणावी लागली नाहीत, बायकांनीच सुरू केली.

ज्येष्ठ मंडळी फारच अडून बसली तर त्यांना यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची आठवण करून द्यावी. सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लावला गेला, अशी कथा आहे, आणि त्याच लग्नाच्या अक्षता टाकायला दर वर्षी सगळे शहर लोटते. ज्या लग्नाला आपण सगळे वऱ्हाडी म्हणून जातो तेही दोन वेगळ्या घरांतले होते.

भांडण कोणत्या भाषेत करावे?

ज्या भाषेत दोघेही सारखेच कच्चे किंवा सारखेच पक्के आहेत, तिच्यात. एकाच्या मातृभाषेत भांडण झाले की दुसरा मुद्द्यावर नव्हे, शब्दांवर हरतो. रागात माणूस आपल्या भाषेत घसरतो हे खरे. तसे झाले तर समोरच्याने त्यातला एखादा अर्धवट कळलेला शब्द पकडून वर्षभर जपून ठेवू नये, शांत झाल्यावर त्याचा अर्थ विचारावा. मुलांसमोर कळू नये म्हणून तिसऱ्या भाषेत भांडणाऱ्यांसाठी सूचना: मुलांना ती भाषा सहा महिन्यांत येते.

मुलांशी कोणत्या भाषेत बोलावे? दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलते का?

दोन-तीन भाषा ऐकल्यामुळे मुलाचे बोलणे खुंटते ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. मूल दोन भाषांचे शब्द एका वाक्यात घालते, 'अम्मा, मला पालु पाहिजे' असे म्हणते, ते गोंधळलेले असते म्हणून नव्हे; जो शब्द हाताशी आहे तो ते वापरते. प्रत्येक भाषेतले शब्द वेगळे मोजले तर ते कमी वाटतात, सगळ्या भाषांचे मिळून मोजावेत. मूल वयाच्या मानाने खरोखर कमी बोलत असेल किंवा हाकेला ओ देत नसेल तर कानाची तपासणी करून घ्यावी. घरात एकच भाषा ठेवा असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला म्हणून आजीला गप्प बसवू नये.

आई एका भाषेत आणि वडील दुसऱ्या भाषेत बोलतील ही पद्धत बऱ्याच जणांना सोयीची वाटते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलावर ती अवलंबली होती. ते स्वतः फ्रेंच बोलत, आई जर्मन, आणि त्या निरीक्षणांचे पुस्तक त्यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केले. सोलापुरी एकत्र कुटुंबात मात्र ती काटेकोर पाळणे जवळजवळ अशक्य असते, कारण आई-वडिलांशिवाय आणखी आठ जण त्या मुलाशी बोलत असतात. आमच्या घरात नियम माणसाला न लावता वेळेला लावला: जेवताना तेलुगू, अभ्यासाला मराठी, आणि काकूच्या खोलीत कन्नड. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. पण बहुतेक पालक आता इंग्रजी माध्यम निवडतात आणि मग घरातली धाकटी भाषा सर्वांत आधी गळते. ती टिकवायची असेल तर त्या भाषेत मुलाला काही तरी मिळाले पाहिजे: गोष्ट, शेंगदाण्याचा लाडू, चहाडी ऐकण्याचा मान. केवळ 'आपली भाषा आहे म्हणून बोल' यावर मुले बोलत नाहीत.

मुलाचे नाव कोणत्या बाजूचे ठेवावे?

दोन्ही आज्यांना उच्चारता येईल असे ठेवावे. बाकी मर्जी तुमची. सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी बोलायला शिकले, 1941 मध्ये परिचारिका को छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि पुढच्या वर्षी झालेल्या मुलाचे नाव इन्हुआ ठेवले गेले. त्यातला 'इन' भारताचा आणि 'हुआ' चीनचा. एवढ्याशा नावात दोन देश बसतात, तर आडनाव आधी लिहायचे की शेवटी यावरून बारशाच्या दिवशी रुसवे नकोत. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी येते. सोलापूरच्या तेलुगू घरांनी ते मराठीप्रमाणे शेवटी नेऊन हा प्रश्न कधीच सोडवला आहे.

धर्म वेगळा असेल किंवा घरचे लग्नालाच विरोध करत असतील तर?

वराचे वय 21 आणि वधूचे 18 पूर्ण असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 अन्वये धर्म न बदलता लग्न करता येते. त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. दोघेही हिंदू असतील, आणि हिंदू विवाह कायद्यात लिंगायतांचा स्पष्ट उल्लेख आहे, तर केवळ भाषा किंवा जात वेगळी म्हणून या कायद्याकडे जाण्याची गरज नाही. धमकी किंवा मारहाणीपर्यंत गोष्ट गेली असेल तर हा संवादाचा प्रश्न राहत नाही. 112 वर फोन करावा.

अबोला धरलेल्या आईवडिलांशी मात्र दार उघडे ठेवावे. लांब पत्रे आणि समजुतीच्या बैठका यांपेक्षा साध्या निरोपांचा उपयोग अधिक होतो: औषध घेतले का, पाऊस झाला का. माझ्या वडिलांनी दीड वर्ष माझ्या नवऱ्याशी एक शब्द काढला नाही. पहिला शब्द त्यांनी काढला तो चादरीच्या विणीबद्दल, कारण त्यांना खरोखरच कुतूहल होते.

घरातले वडीलधारे माणूस आजारी पडले की मराठी विसरल्यासारखे का करते?

उतारवयात, स्मृतिभ्रंशात किंवा पक्षाघातानंतर अनेक माणसे नंतर शिकलेल्या भाषेतून मागे सरून लहानपणच्या भाषेत येतात. ते हट्ट करत नसतात. गेल्या वर्षी सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा 40 वर्षे विडीच्या कारखान्यात मराठी बोललेल्या या बाईला मराठीत विचारलेले काहीच कळेना, आणि रात्रपाळीच्या सेविकेला तेलुगू येत नव्हते. त्या दोन रात्री मी जवळ बसले, आणि पूर्वी शिकलेले शब्द तेव्हा उपयोगी पडले.

ज्या घरात असे ज्येष्ठ आहेत त्यांनी नेहमीच्या लागणाऱ्या दहा-पंधरा शब्दांचा कागद मराठी अर्थासह देवनागरीत लिहून उशाशी ठेवावा. 'नोप्पि' म्हणजे दुखणे, 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, 'वद्दु' म्हणजे नको. आणि 'चालु' म्हणजे पुरे, हे सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहावे, कारण भरवणारे माणूस मराठी असेल तर ते पुढचा घास उचलणार.